घर कमरेपर्यंत उचला

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी ६८ वर्षांची, पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. आमचे हे वारले, त्याला सहा वर्षं झाली. मुलगा सुरतला, मुलगी नाशिकला. दोन वर्षांपासून उजवा खुबा दुखतो, आता तर रात्री कूस बदलली तरी जाग येते. धुळ्याच्या डॉक्टरांनी खुबा बदलायला सांगितलाय. दिवाळीनंतरची तारीख घेतली आहे. मुलगा म्हणतो, सुरतला ये. त्याचं घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. नवरा-बायको दोघंही सकाळी आठला कामाला जातात, म्हणजे तिथेही दिवसभर मी एकटीच. मग माझ्या घरी एकटी राहिले तर काय वाईट? पण शेजारच्या बाया घाबरवतात. "पडनी म्हंजे कोन उचली वं तुले?" म्हणतात. घर जुनं, धाब्याचं. झोपायला बाज. संडास मागच्या अंगणात, देशी. मला जमेल का? खरं सांगा.

उत्तर : ताई, जमेल. पण पहिले पंधरा दिवस रात्री घरात कुणीतरी झोपायला पाहिजे. ते होणार नसेल तर तारीख पुढे ढकला. यात मी तडजोड करणार नाही. पंधरा दिवसांनंतरचं एकटेपण निभावता येतं, मी निभावलं आहे.

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. पाच वर्षांपूर्वी माझा डावा खुबा बदलला. अमळनेरला मी एकटीच राहते. लेक पुण्याहून बारा दिवस आली, मग तिची रजा संपली. पुढचे तीन दिवस भाचीने काढले, त्यानंतर मी आणि वॉकर. सरकारी दवाखान्यात ३४ वर्षं पेशंटना "खाली बसू नका, वाकू नका" सांगत आले, आणि घरी आल्यावर कळलं की आपण काय सांगत होतो. खाली न बसता आपल्या घरात होतं काय? परात खाली, विळी खाली, पाण्याचं पिंप खाली, दादर ज्वारीची कोठी खाली, गॅसच्या टाकीचा खटका खाली, देव खाली, मोरी तर खालीच. टीव्हीचा बोर्डसुद्धा आमच्याकडे गुडघ्याइतक्या उंचीवर होता, कुणी बसवला देव जाणे. आपलं खान्देशातलं घर जमिनीवर मांडलेलं असतं. खुबा बदललेल्या माणसाला जमीन सहा ते बारा आठवडे परकी असते. तेव्हा दिवाळीची साफसफाई काढाल ना, त्याच वेळी घर कमरेपर्यंत उचलून घ्या. जे रोज लागतं ते कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली. बाकीचं माळ्यावर गेलं तरी चालेल, तीन महिने तुम्ही त्याच्याकडे पाहणार नाही.

आता हे कशासाठी, ते सांगते. शिक्षिका आहात, कारण कळलं की नियम लक्षात राहतो. खुबा म्हणजे वाटीत बसलेला गोळा. ऑपरेशनमध्ये दोन्ही नवे बसवतात. गोळा जागेवर धरून ठेवतात ते आजूबाजूचे स्नायू आणि आवरण, आणि तिथूनच डॉक्टर आत गेलेले असतात. ते भरून येईपर्यंत पाय वेड्यावाकड्या कोनात गेला तर गोळा वाटीतून निसटू शकतो. बरेच डॉक्टर मागच्या बाजूने ऑपरेशन करतात. त्यात तीन गोष्टी बंद : मांडी पोटाकडे काटकोनापेक्षा जास्त वाकवायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, आणि ऑपरेशनच्या पायाचं पाऊल आतल्या बाजूला वळवायचं नाही. तिसरी गोष्ट लोक विसरतात. कुणी मागून हाक मारली की आपण पाय रोवून कमरेतून वळतो, तेव्हा पाऊल आपोआप आत जातं. म्हणून हाक आली तर छोटी-छोटी पावलं टाकत पूर्ण वळायचं. हाक मारणारा थांबतो.

समोरून केलेल्या ऑपरेशनला बंधनं कमी आणि वेगळी असतात. तेव्हा तारखेआधीच डॉक्टरांना विचारा : कुठल्या बाजूने करणार, काय-काय बंद, किती आठवडे, आणि ऑपरेशनच्या पायावर किती वजन टाकायचं. उत्तरं मराठीत लिहून घ्या. मला घरी सोडताना मिळालेला कागद चार पानी इंग्रजीत होता. मी नर्स, मला वाचता आला. बाजूच्या पलंगावरच्या शेतकरी आजोबांनी तो घडी करून बंडीच्या खिशात ठेवला, तो तिथेच राहिला असणार.

बाजेचं पहिलं बघा. ताई, बाज कितीही लाडकी असली तरी ती झोळीसारखी खाली जाते. कंबर खाली, गुडघे वर. आपल्याला नेमकं उलटं हवं. घरात लाकडी पलंग किंवा दिवाण असेल तर तो काढा. माप असं घ्यायचं : चप्पल घालून उभ्या राहा, गुडघ्यामागे जिथे घडी पडते तिथून जमिनीपर्यंतचं अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. माझं सोळा इंच भरलं. बसायची प्रत्येक जागा त्यापेक्षा दोन इंच तरी उंच हवी, तीही आपण बसल्यावर. कापसाची गादी बसल्याबसल्या दबते, तेवढं धरून चाला. आमच्या सुताराने पलंगाच्या पायांखाली सागाचे चार ठोकळे दिले, प्रत्येकात मधोमध खळगा कोरून, म्हणजे पलंगाचा पाय घसरत नाही. नुसत्या विटा लावू नका. खुर्ची हातांची, घट्ट, न फिरणारी. प्लास्टिकची नको, उठताना हातावर भार दिला की ती मागे पळते.

आणि झोपाळा. तुमच्या ओसरीत असेलच. काढून ठेवा, कड्यांसकट. माझा मी काढला नव्हता. होळीनंतर आठव्या दिवशी माझं ऑपरेशन, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चाळीस दिवस झाले होते. माहेरवाशिणी आलेल्या, पोरी झोके घेत गाणी म्हणताहेत, आणि मी खुर्चीवर बसून झोपाळ्याकडे बघतेय. अशी इच्छा झाली की काय सांगू. वॉकर घेऊन दोन पावलं गेलेसुद्धा. भाचीने बघितलं आणि "खाले बठू नको वं मावशी" म्हणून जी ओरडली की सगळं गाणं थांबलं. झोपाळा खाली असतो, हलतो, आणि त्यावरून उठताना धरायला काही नसतं. या तिन्हीपैकी एक गोष्टही चालत नाही, इथे तिन्ही एका जागी.

संडासाचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण खरं ऑपरेशन तिथेच आहे. देशी संडासात उकिडवं बसणं आता विसरा. खुबा भरून आल्यावरही बरेच डॉक्टर ते कायमचं बंद करायला सांगतात. तालुक्याच्या गावी वेल्डिंगवाला असतो, त्याच्याकडून देशी भांड्यावर बसेल अशी लोखंडी खुर्ची करून घ्या. मधे गोल कापलेली, दोन्ही बाजूंना हात, पायांना रबर. अठराशे-दोन हजाराची तयार खुर्चीही मिळते, पण ती बऱ्याचदा हलकी आणि बुटकी असते, पलंगासारखंच माप लावून घ्या. भिंतीत लोखंडी दांडा सिमेंटने पक्का बसवून घ्या. चिकटवायचे दांडे येतात ते टॉवेलासाठी ठीक, माणसासाठी नाहीत. अंगण ओलांडून जायचं असेल तर त्या वाटेवरचा प्रत्येक उंचवटा, नळी, दोरी, केराची टोपली बघा. रात्री मात्र अंगणात जायचंच नाही. भांडं लावलेली कमोड खुर्ची पलंगाजवळ ठेवा. ती विकत घ्यायची गरज नाही. बऱ्याच गावांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्र असतं, अनामत ठेवून वॉकर, कमोड खुर्ची देतात. ते भांडं कोण रिकामं करणार हे आधी ठरवा, आणि ज्याला सांगाल त्याला मोबदला ठरवूनच सांगा. माझं भाची करायची, मला लाज वाटायची. ती म्हणाली, तू माझे लंगोट बदलले ना? त्यावर बोलायला काही उरलं नाही.

एकट्या राहणाऱ्या बायका एक चूक हमखास करतात, मीही केली. संडासला जायला नको म्हणून पाणी कमी प्यायचं. माझं ऑपरेशन मार्चमधलं, पुढे एप्रिल. आपल्याकडचा एप्रिल काय असतो ते तुम्हाला सांगायला नको, भिंतीसुद्धा रात्री बारापर्यंत गरम. आणि मी शहाणी, दिवसाला तीन फुलपात्रं पाणी. चौथ्या दिवशी पोट गच्च झालं. दुखणं थांबवायच्या गोळ्यांनी आधीच बद्धकोष्ठ होतो, त्यात हे. पाणी कमी पडलं की रक्ताची गाठ होण्याचा धोकाही वाढतो, हे मी पेशंटना पाठ म्हणून दाखवत असे. मग अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या सकाळी भरून ठेवू लागले, दोन पलंगाजवळ, दोन स्वयंपाकाच्या ओट्यावर. रात्री झोपताना चारही रिकाम्या दिसल्या पाहिजेत. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारा. तुम्ही थंडीत करताय हे फार चांगलं. कूलरमध्ये पाणी भरायला नको, आणि भरताची वांगी आलेली असतील, शेजारून डबा चांगला येईल.

डब्याचं सांगते. वॉकर धरला की दोन्ही हात गेले. चहाचा कप स्वयंपाकघरातून ओसरीत नेता येत नाही, ही गोष्ट कुणी सांगत नाही. पहिल्या दिवशी मी चहा केला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिले. मग जुन्या साडीची पिशवी शिवून वॉकरला पुढे बांधली. तिच्यात झाकणाचा डबा, थर्मास, चष्मा. जड काही नाही, नाहीतर वॉकर पुढे कलतो. जेवण मात्र स्वयंपाकघरातच, ओट्याजवळ उंच खुर्ची ठेवून. कळण्याची भाकरी परातीत थापणं विसरा काही दिवस. ओट्यावर उभं राहून खिचडी, वरणभात, थालीपीठ होतं. विळीऐवजी सुरी. सांडलं तर सांडू द्या. पडलेला चमचा उचलायला वाकणं हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात वाईट घात आहे. मी चिंचा पाडायची आकडी घेतली, तिने परकर ओढायचा, गाऊन ओढायचा, चप्पल जवळ घ्यायची. बाजारात लांब दांड्याचे चिमटेही मिळतात. कपडे घालताना ऑपरेशनचा पाय आधी, काढताना शेवटी. सहा आठवडे गाऊनच बरा. साडीच्या निऱ्या वॉकरखाली येतात. चप्पल मागून पट्टा असलेली.

आता पडण्याबद्दल, कारण शेजारणींचा प्रश्न खोटा नाही. पडायला कारणं लागतात ती घरात आपणच पसरलेली असतात. पायपुसणं, सतरंजी, गोधडीचं लोंबतं टोक, चार्जरची वायर, मोरीबाहेरचं ओलं. अकराव्या दिवशी संध्याकाळी लाइट गेली, मांजरीने दुधाचं पातेलं पाडलं, मी घाईने उठले आणि वॉकरचा पाय गोधडीत अडकला. लेक घरातच होती, तिने धरलं. दुसऱ्या दिवसापासून घरात खाली काही अंथरायचं नाही हा नियम झाला, आणि बॅटरीवर चालणारे दोन बल्ब आले जे लाइट गेली की आपोआप लागतात. मोबाइल गळ्यात पिशवीत. बाजूच्या खोलीत चार्जिंगला लावलेला मोबाइल असून नसल्यासारखा.

आणि ताई, आतून कडी लावू नका. हे मोठ्या अक्षरात लिहिलं समजा. एकट्या बायका कडीकोयंडा, वर खिट्टी, शिवाय दाराला पाट लावून झोपतात. पडलात तर लोक दार फोडेपर्यंत अर्धा तास जातो. दाराला बाहेरून किल्लीने उघडणारं कुलूप बसवा आणि एक किल्ली शेजारी द्या. माझ्याकडे सकाळी साडेसहाला दूधवाला येतो. त्याला सांगून ठेवलं होतं, दोन हाका मारल्यावर ओ आली नाही तर समोरच्या घरी सांग. त्याने ते इतकं मनावर घेतलं की मी एकदा तोंडात ब्रश असल्यामुळे ओ दिली नाही, तर पाच मिनिटांत अर्धी गल्ली माझ्या ओसरीत.

गल्लीचं दुसरंही अंग आहे. पाहायला येणारे. आपल्याकडे पेशंटला पाहायला न येणं म्हणजे भांडण. "आते कसं शे वं माय?" म्हणत येतात, बसतात, आणि आपण सवयीने चहाला उठतो. उठायचं नाही. मी भिंतीवर एक कागद लावला होता, त्यावर कामं लिहिलेली : पिंप भर, गॅसचा खटका बंद कर, कपडे वाळत घाल, औषधं आण. येईल त्याने एक काम करायचं आणि चहा स्वतः करून मलाही द्यायचा. पहिले दोन दिवस लोक हसले. मग शर्यत लागली. एक विहीणबाई तर रुसल्या की त्या येईपर्यंत कामंच संपली होती. सर्दी-खोकला असणाऱ्याला मात्र ओसरीच्या खाली थांबवा, टाके असेपर्यंत तरी. कुणी पाया पडायला आलं तर आपण वाकून उठवायचं नाही.

चालण्याचं फिजिओथेरपिस्ट सांगतील तसंच. साधारण दुसऱ्याच दिवशी उभं करतात. मी नोकरीला लागले त्या काळी खुबा मोडलेल्या म्हातारीला पायाला वजन लटकवून सहा-सहा आठवडे उताणी ठेवायचे, पाठीला जखमा व्हायच्या, त्यातच कितीतरी जणी गेल्या. म्हणून "इतक्या लवकर उभं करतात?" म्हणून जीव कासावीस करू नका, लवकर उभं राहणं हेच औषध आहे. वॉकरच्या मुठी आपला हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या रेषेशी याव्यात, नाहीतर पाठ जाते. माझी ओसरी अठरा फुटांची. फेरी झाली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. वाट्या अर्थातच कमरेच्या उंचीवर. घरी आल्यावर पहिल्या दिवशी चार चिंचोके, तिसऱ्या आठवड्यात एका वेळी तीस. एखाद्या दिवशी जास्त झाले की दुसऱ्या दिवशी पाय बोलायचा, मग दहा कमी. ओट्याच्या पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. पुढे काठी आली की ती उलट्या हातात, म्हणजे तुमचा उजवा खुबा तर काठी डाव्या हातात. लोक टोकतील, "दुखतं उजवीकडं आन् काठी डावीकडं?" टोकू द्या. रस्त्यावर मात्र काठी पाहून कुत्री भुंकतात, पहिल्यांदा बाहेर जाताना कुणाला तरी सोबत न्या.

झोपायचं पाठीवर, दोन पायांमध्ये उशी, डॉक्टर सांगेपर्यंत. पलंगावर पडल्यापडल्या पाऊल वर-खाली करत राहायचं, जागेपणी दर तासाला दहा-वीस वेळा. दिसायला पोरखेळ, पण पोटरीतलं रक्त हलतं ठेवतो.

दवाखान्यातून घरी येताना धुळ्याहून पारोळ्याचा रस्ता तासाभराचा. कार सांगा, पुढची सीट पूर्ण मागे सरकवून, खाली उशी टाकून उंच करून. आधी बूड टेकायचं, मग पाय एक-एक करून आत. रिक्षा नाही, जीप नाही, आणि मुलगा मोटारसायकल घेऊन आला तर त्याला परत पाठवा.

मुलाला सुरतहून बोलवाच. पण पाहुणा म्हणून नाही. वेल्डिंगवाला, सुतार, कुलूप ही कामं त्याची, ऑपरेशनच्या आधी. पंधरा रात्री मुलगा आणि मुलगी वाटून घेऊ द्या. त्यानंतर सकाळ-संध्याकाळ तासभर येणारी एक बाई पगार ठरवून, सहा आठवड्यांसाठी. चक्कर येत असेल, साखर आटोक्यात नसेल, किंवा गोळी घेतली की नाही हे विसरायला होत असेल, तर मी माझं पहिलं वाक्य मागे घेते. मग एकटं राहायचं नाही, सुरतचा चौथा मजला चालेल.

आणि हे कागदावर लिहून किल्लीसोबत शेजारी द्या : एकाएकी खुब्यात कट्कन होऊन असह्य दुखलं, पाय आखूड किंवा वळलेला दिसला तर उठवायचं नाही, ओढायचं नाही, १०८ ला फोन. छातीत दुखलं, दम लागला तरी १०८. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पोटरी सुजून कडक झाली तर त्याच दिवशी डॉक्टर.

प्रश्न : मी भुसावळचा, ६१ वर्षांचा, रेल्वेतून निवृत्त. पत्नी नाही. तीन आठवड्यांपूर्वी डावा खुबा बदलला. पाय सुजलाय, पोटरी दुखते. रक्त पातळ करायच्या गोळीने पित्त होतं म्हणून आठ दिवसांपासून बंद केली. ओळखीचे एक मालीशवाले आहेत, हाडाचं चांगलं बघतात. चार दिवस तेल लावून घेऊ का? आणि हा खुबा किती वर्षं टिकतो?

उत्तर : भाऊ, मालीश नाही. तेल नाही. गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

पत्र छापून येईपर्यंत महिना जातो, म्हणून संपादकांना सांगून या भाऊंना त्याच दिवशी फोन करवला आणि ते त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले. तपासणीत काय निघालं ते त्यांच्यापाशी राहू दे. बाकीच्यांसाठी लिहिते. ऑपरेशननंतर पाय थोडा सुजणं नेहमीचं आहे, रात्रभर पाय उंच ठेवला की सकाळी उतरतो. पण पोटरी कडक, गरम, दुखरी आणि सूज वाढतच चाललेली असेल तर आत रक्ताची गाठ झालेली असू शकते. डॉपलर सोनोग्राफीत ते दिसतं. अशा पायाला चोळलं तर गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि मग बोलायलाही वेळ मिळत नाही. रक्त पातळ करणारं औषध खुब्याच्या ऑपरेशननंतर साधारण महिनाभर, पुष्कळदा ३५ दिवसांपर्यंत देतात. पित्त होत असेल तर डॉक्टर औषध बदलतात किंवा सोबत पित्ताची गोळी देतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी खाऊ नका, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर शेवटच्या गोळीच्या तारखेला गोल करा आणि रोज एक दिवस खोडा. रेल्वेत होतात, वेळापत्रक पाळणं तुम्हाला शिकवायला नको.

टिकण्याचं म्हणाल तर, आज जो खुबा बसवतात त्याचा पाया जॉन चार्न्ली नावाच्या इंग्लंडमधल्या सर्जनने १९६२ साली घातला. धातूचा छोटा गोळा आणि विशिष्ट प्लास्टिकची वाटी. साहित्य पुढे सुधारत गेलं, पण कल्पना तीच. पुष्कळांचा खुबा वीस वर्षांहून जास्त टिकतो. तुमच्या वयाला ते पुरेसं आहे, पण वजन वाढवू नका.

प्रश्न : आई ७२ वर्षांची, चोपड्याला एकटी असते. पुढच्या महिन्यात तिचा खुबा बदलणार. मी पुण्यात नोकरीला. पंधरा दिवस रजा मिळतेय. त्यानंतर घरात तीन कॅमेरे लावावेत असं भाऊ म्हणतो. आई नको म्हणते. काय करू?

उत्तर : आई नको म्हणते तिथे उत्तर संपलं. माझ्या लेकीनेही एक लावला होता, पलंगासमोर. मी त्याच्यावर टॉवेल टाकला. कपडे बदलताना धडपडणारी, कमोडवर बसलेली बाई कुणाच्या मोबाइलमध्ये दिसावी असं कुणालाच वाटत नाही, पोटच्या पोरालाही दाखवायचं नसतं. आणि कॅमेरा पडलेल्या माणसाला उचलत नाही. उचलते शेजारीण. तुमच्या भावाला कॅमेऱ्याचे पैसे दाराचं कुलूप बदलण्यात आणि शेजारणीच्या हातात किल्ली देण्यात घालवायला सांगा. आईच ओसरीत एक चालेल म्हणाली, तर एक लावा, तिला बंद करता येईल असा.

फोन मात्र ठरलेल्या वेळी, सकाळी एकदा, रात्री एकदा. ती उचलणार नाही तर पुढचा फोन कुणाला, हे आज ठरवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी मदतवाहिनी आहे, तिचा नंबरही आईच्या फोनमध्ये टाकून ठेवा. आणि फोनवर "जेवलीस का" विचारू नका, ती हो म्हणणारच. व्हिडिओ कॉल करा आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या दाखवायला सांगा.